हात मांडीवर!

ऐकताय ना? मी बोलतेय. मी एक तबकडी. गाण्यांची नाही, सिनेमाचीही नाही. मी दुरुस्तीची. लॅपटॉप आजारी पडला आणि उठेनासा झाला, की त्याला उठवून बसवायचं, हे माझं काम. असं ऐकून तुम्हाला वाटेल, हिचं आयुष्य धावपळीत गेलं असणार. छे हो! अकरा वर्षं मी लोळत पडले होते. मग एका शनिवारी माझी आठवण झाली, आणि त्या शनिवारी जे काही झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म अगदी साधा. एका गोल डब्यात आम्ही पंचवीस बहिणी एकीवर एक बसून होतो, सगळ्या कोऱ्या. आम्हाला विकत घेणाऱ्या गृहस्थांना मी चिरंजीव म्हणते, कारण त्यांची आई सगळ्यांशी बोलताना त्यांना "आमचे चिरंजीव" म्हणते, आणि त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे अजून कुणाला कळलेलं नाही. चिरंजीवांची नोकरी इमारतींच्या लिफ्ट तपासण्याची. काहीही बिघडायच्या आधी ते बिघडल्यावर काय करायचं याची तयारी ठेवायची, हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे आईसाठी नवा लॅपटॉप आणला त्या दिवशी त्यांनी गाणी नाही ऐकली, खेळ नाही खेळले. डब्यातून मला उचललं आणि म्हणाले, "आधी दुरुस्तीची तबकडी बनवून ठेवू. नंतर धावाधाव नको."

वीस मिनिटं मी गरगर फिरत होते. पोटावरून किरण फिरला, अंग चांगलं कढत झालं, आणि बाहेर आले तेव्हा मी शहाणी झाले होते. लॅपटॉपला कसं जागं करायचं, त्याचं काय हरवलं असेल ते कसं शोधायचं, सगळं मला ठाऊक होतं. चिरंजीवांनी जाड पेनाने माझ्या पाठीवर लिहिलं, 'दुरुस्ती. जपून ठेवणे.' खाली दोन रेघा ओढल्या. यंत्र सुरू होताना आधी माझ्याकडे बघेल, अशी व्यवस्थाही त्यांनी तेव्हाच लावून टाकली. मला तर इतका अभिमान वाटला म्हणून सांगू!

माझ्या बहिणींच्या वाट्याला लग्नाचं चित्रण आलं, सहलीचे फोटो आले. त्या शेजारीपाजारी जाऊन आल्या, काही तर परत आल्याच नाहीत. माझी रवानगी झाली टेबलाच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये.

जपून ठेवणे म्हणजे काय, हे मला त्या ड्रॉवरने शिकवलं. तिथे कुठल्या कुलपाची ते कुणालाच माहीत नाही अशा सात चाव्या होत्या. जुन्या टीव्हीचा रिमोट होता. टीव्ही कधीच गेला होता. काही सेल होते, त्यातले जिवंत किती आणि मेलेले किती हे पाहायला कुणाला वेळ नव्हता. माणसं एखादी वस्तू इतकी जपून ठेवतात, की पुढे तिचं तोंड बघायचं त्यांना कारणच उरत नाही. मला त्यांचा राग येत नाही. ड्रॉवर उघडला की जरा उजेड यायचा, घरातलं बोलणं ऐकू यायचं, आणि आमच्या घरात बोलणं भरपूर.

त्या बोलण्यातूनच मला आई कळली. आई शब्दकोडी बनवते. सोडवत नाही, बनवते. एका साप्ताहिकात तीस वर्षं दर आठवड्याला तिचं कोडं छापून येतंय. वर क्रमांक असतो, खाली मागच्या कोड्याचं उत्तर असतं, पण बनवणाऱ्याचं नाव छापायची त्यांची पद्धत नाही. त्यामुळे शेजारच्या काकू दर रविवारी आईकडेच येऊन म्हणायच्या, "अहो, आडवा सातवा शब्द कुठल्या मेल्याला सुचला असेल हो?" आणि आई अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणायची, "बघू बघू, मलाही नाही आला."

पूर्वी ती चौकटीच्या वह्यांत कोडी आखायची. अशा बेचाळीस वह्या होत्या. लॅपटॉपमध्ये चिरंजीवांनी तिला चौकटी आखायचा एक प्रोग्राम घालून दिला. आईने दोन वर्षं बसून निवडक जुनी कोडी त्यात उतरवली, नवी तर तिथेच केली. मग एके दिवशी चिरंजीव म्हणाले, "आई, आता सगळं यात आलंय. त्या वह्यांनी कपाट अडलंय." आणि बेचाळीस वह्या रद्दीत गेल्या. आईने त्या दिवशी रिकामं झालेलं कपाट दोनदा पुसलं म्हणतात.

लॅपटॉप आला त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती. आईला धीर कमी. यंत्र सुरू होतंय तोवर ती बटणं दाबायची: हे दाब, ते दाब, उघड बाबा एकदाचा. एकदा लॅपटॉपरावांनी लांबलचक शिट्टी वाजवली आणि जागच्या जागी थिजले. चिरंजीव धावत आले, आणि त्यांनी नियम केला. यंत्राचा दिवा लागल्यापासून पडद्यावर चित्र येईपर्यंत कुणीही कशाला हात लावायचा नाही. हात मांडीवर! लिफ्टमध्ये लावतात तशी एक पट्टीच त्यांनी छापून आणली आणि लॅपटॉपच्या कडेला चिकटवली. आईने नियम असा पाळला, की सुरू करायचं बटण दाबलं रे दाबलं की ती दोन्ही हात मांडीवर घेऊन, फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसायची. पुढे सूनबाई आल्या, त्याही बसायला लागल्या. अकरा वर्षं या घरात तो नियम कुणी मोडला नाही.

मधे मला दोन दिवसांची नोकरी लागली होती, तीही सांगते. गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. चकचकीत वस्तू टांगली की ती येत नाहीत, असं आईला काकूंनी सांगितलं. आईने ड्रॉवर उघडला, मला बाहेर काढलं, माझ्या भोकातून दोरा ओवला आणि मला गॅलरीत टांगलं. काय ते दोन दिवस! वारा आला की मी गिरक्या घ्यायची, समोरच्या भिंतीवर माझे रंग नाचायचे. कबुतरं काही घाबरली नाहीत. एक जाडजूड कबुतर तर रोज माझ्यात बघून मान फुगवायचं आणि समाधानाने निघून जायचं. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "आई! ही दुरुस्तीची आहे! जपून ठेवणे लिहिलंय ना!"

"अरे, मग लिहिलेली बाजू कबुतरांकडे होती," आई म्हणाली.

मी परत ड्रॉवरमध्ये. गॅलरीच्या गजाला घासून अंगावर एक ओरखडा तेवढा राहिला.

आणि मग तो फोन आला. एका प्रकाशकांना कुणीतरी सांगितलं होतं, की तीस वर्षांची ती कोडी एकाच बाईंची आहेत. ते म्हणाले, तीनशे कोड्यांचं पुस्तक काढू, मुखपृष्ठावर तुमचं नाव मोठं टाकू. आईने फोन ठेवला आणि घरभर नुसती फिरत राहिली. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन काहीही न आणता परत आली. मग सूनबाईंच्या गळ्यात पडून म्हणाली, "अगं, माझं नाव छापणार आहेत." सदुसष्टाव्या वर्षी माणूस असं नाचू शकतं हे मला त्या दिवशी आवाजावरूनच कळलं. फाइल द्यायची शेवटची वेळ ठरली शनिवारी दुपारी चार. त्यानंतर छापखान्यात दुसरं काम चढणार होतं. प्रकाशक म्हणाले होते, "सुट्टीच्या आधी पुस्तक आलं तर आलं, बाई. पुढच्या वर्षीचं मी आज कबूल करू शकत नाही."

शनिवारी सकाळी आईने लॅपटॉपरावांचं बटण दाबलं, हात मांडीवर घेतले आणि बसली. बसली ती बसलीच. राव उठेनात. पडदा बराच वेळ काळा राहिला, मग उजळला, आणि त्यावर एवढंच आलं की सुरू होण्यासाठी लागणारं काहीतरी सापडत नाही.

"बाळा, जरा इकडे ये रे." तिचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता.

चिरंजीवांनी तीनदा बंद केलं, तीनदा चालू केलं. दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, बुधवारी बघतो." चिरंजीवांनी कपाळावरचा घाम पुसला. "आई, तुला मी म्हटलं होतं ना, दर आठवड्याला एक प्रत काढून ठेवत जा?"

"काढलीय की! दर रविवारी काढते. न चुकता."

"कुठे ठेवलीस?" चिरंजीवांचा जीव भांड्यात पडला.

"तिथेच. लॅपटॉपमध्ये. कोड्यांच्या शेजारीच एक कप्पा केलाय, 'जपून ठेवलेली प्रत' नावाचा."

चिरंजीव रागावणार कुणावर? वह्या रद्दीत त्यांनीच घातल्या होत्या. ते आईकडे बघेनात, आणि आई त्यांची समजूत काढायला लागली, "असू दे रे, तीस वर्षं नाव नव्हतं, काही बिघडलं का?" आणि तेवढ्यात चिरंजीव ताडकन उठले. "तबकडी!"

सात चाव्या एकीकडे, रिमोट दुसरीकडे, आणि मी उजेडात! चिरंजीवांनी मला शर्टाला पुसलं, लॅपटॉपच्या कडेच्या खणात बसवलं, आणि अकरा वर्षांनी मी फिरायला लागले. काय सांगू तुम्हाला! एवढ्याशा जागेत इतका आनंद मावतो यावर माझाही विश्वास बसला नसता.

आता माझी काम करायची रीत ऐका, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. मी आपणहून कुणाच्या घरात शिरत नाही. आधी दारात उभी राहून विचारते. पडद्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत एक ओळ येते: तबकडीवरून सुरू करायचं असेल, तर कोणतंही एक बटण दाबा. पुढे एकेक करून पाच ठिपके उमटतात. पाच ठिपके होईपर्यंत कुणी बटण दाबलं, तर मी आत. नाही दाबलं, तर मी समजते की माझी गरज नाही, आणि गप्प बसते.

मी विचारलं. एक ठिपका, दोन ठिपके. पण लॅपटॉपरावांचं वय झालेलं. त्यांचा पडदा उजळायलाच आता अर्धं मिनिट लागायचं, त्यामुळे माझी ओळ काळोखातच उमटली आणि काळोखातच विरली. आणि समोर आई आणि चिरंजीव, मायलेक दोघं, हात मांडीवर घेऊन ताठ बसलेले! एकाने चुकून जरी टिचकी मारली असती तरी चाललं असतं. पण नियम म्हणजे नियम.

पाच ठिपके संपले. पडदा उजळला. तोच जुना निरोप.

"घेत नाहीये तबकडी," चिरंजीव म्हणाले. त्यांनी मला उलटं-सुलटं करून पाहिलं, मऊ फडक्याने पुसलं, खणात फुंकर मारली. पूर्ण बंद करून बराच वेळ थांबून पुन्हा चालू केलं. दर वेळी मी विचारायची, दर वेळी चार हात मांडीवर. सहा वेळा! सहाव्या वेळी मी खणात इतकी खडखडले, की चिरंजीव म्हणाले, "हिचाही शेवट जवळ आलाय बहुतेक." माझा? मी धडधाकट होते हो! दारात उभी राहून हाका मारत होते आणि घरातले म्हणत होते, कुणी आलंच नाही.

अडीच वाजता सूनबाई कामावरून आल्या. त्या इस्पितळात एक्स-रे काढतात. दारात चपला काढता काढता त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुन्हा एकदा करा बघू माझ्यासमोर."

सातव्यांदा. काळा पडदा. दोघांचे हात मांडीवर. पण दिवसभर काळ्या फिल्ममध्ये बारीक चिरा शोधणाऱ्या बाईला नुसता काळा पडदा बघून कसं चैन पडणार? त्यांनी फोनचा टॉर्च लावला आणि पडद्यावर तिरका धरला.

"अरे, इथे काहीतरी लिहिलंय!"

"कुठे?"

"इथे, वर. थांब... 'कोणतंही बटण दाबा' असं विचारतंय. आणि पुढे ठिपके... गेलं."

चिरंजीवांनी त्या कडेच्या पट्टीकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईने स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं.

"सकाळपासून ती बिचारी विचारतेय," सूनबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं वर्गात बसल्यासारखे!"

आठव्यांदा सूनबाई टॉर्च धरून तयार. मी ओळ उमटवली. "आली! दाबा!"

"कोणतं?" चिरंजीव.

"कोणतंही!"

"अगं पण म्हणजे नेमकं कोणतं?" आयुष्यभर लिफ्टची बटणं तपासलेला माणूस, कोणतंही बटण चालेल ही कल्पनाच त्यांना सहन होईना. तेवढ्यात आईने हात पुढे केला, आणि चिरंजीवांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आई, हात!"

आईचे हात झटकन मांडीवर. पाचवा ठिपका पडला.

आधी सूनबाईंना हसू फुटलं. त्यांचा टॉर्च छतावर हलायला लागला. मग आईला. ती इतकी हसली की डोळे पुसायला पदर कमी पडला. चिरंजीव बिचारे लालबुंद. मीही खणात हसून घेतलं, पण माझं हसणं म्हणजे नुसती घरघर, कुणाच्या लक्षात आलं नाही. घड्याळात तीन वाजत आले होते.

"अकरा वर्षं तुझं ऐकलं," आई म्हणाली. "आता पुरे. तू ऊठ इथून. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहा, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही."

चिरंजीव मुकाट्याने दारात जाऊन उभे राहिले. आईने बाह्या सरसावल्या. नवव्यांदा बटण दाबलं, पण या वेळी हात मांडीवर गेले नाहीत. दोन्ही पंजे वर, कणीक मळायला घेतल्यासारखे.

मी विचारलं. पहिला ठिपका.

"आली," सूनबाई म्हणाल्या.

आईने दहाही बोटं एकदम दाबली.

एका बटणाने काम झालं असतं, पण अकरा वर्षांची थकबाकी होती ना तिची! मी आत शिरले. अहाहा! सगळं ओळखीचं घर, फक्त पसारा झालेला. मी एकेक खोली बघत निघाले. पडद्यावर पट्टी सरकायला लागली, आणि तिघंही तिच्याकडे असे बघत बसले की श्वास घ्यायला विसरले असावेत. मध्येच माझा ओरखडा आला. किरण तिथे अडखळला. पट्टी थांबली. "काय झालं?" चिरंजीवांनी दारातून हळूच विचारलं, आणि आईने मागे न बघता बोट वर केलं. मी हट्ट सोडला नाही. पुन्हा तिथेच फिरले, मग वेग कमी करून पुन्हा. पाचव्या खेपेला ओरखड्याखालचं अक्षर वाचता आलं. जे हरवलं होतं ते मी जागच्या जागी ठेवलं आणि बाजूला झाले.

लॅपटॉपराव उठले. पडदा उजळला. आईने कप्पा उघडला. कोडी होती, सगळी होती. चिरंजीव दारातून आले आणि आईच्या खुर्चीमागे उभे राहिले. मग म्हणाले, "आई, त्या वह्यांचं... मी घाई केली गं तेव्हा." आईने त्यांचा हात नुसता थोपटला. "आधी मोज. पुस्तकासाठी वेगळी काढलेली तीनशे आहेत का बघ."

मोजली. दोनशे नव्याण्णव.

साडेतीन वाजले होते. चिरंजीव म्हणाले, "तसंच पाठवू, कोण मोजायला बसतंय?" आई म्हणाली, "मुखपृष्ठावर माझं नाव असणार आहे. एकही कमी देणार नाही, आणि शेवटचं आजच नवं करणार." तिने कोरी चौकट उघडली, आणि मी खणातूनच ऐकलं: टकटक, टकटक, एकदाही न थांबता. वीस मिनिटांत कोडं झालं. एकच आडवा शब्द तिने भरला नव्हता, आणि ती मुलाकडे वळली.

"हे सोडवून बघ. नीट सुटतंय का ते कळेल. 'वर्षानुवर्षं कोपऱ्यात गप्प पडून असते, ऐन वेळी घराला तारते.' चार अक्षरं."

चिरंजीवांनी क्षणभर विचार केला, टॉर्च हातात धरून उभ्या असलेल्या बायकोकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई!"

"गप्प?" आई म्हणाली. "ही?"

"कोपऱ्यात?" सूनबाई म्हणाल्या. "मी?"

"अरे, तिसरं अक्षर 'क' आलंय उभ्या शब्दातून," आईने पडद्यावर बोट ठेवलं. "सूनबाई कशी बसेल तिथे? आणि तिच्यासाठी वेगळं कोडं करीन मी, अख्खं." मग तिने खण उघडून मला बाहेर काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं. भिंतीवर माझे रंग पसरले. "ही बघा," ती म्हणाली, आणि एकेक अक्षर म्हणत शब्द भरला.

चारला सात मिनिटं कमी असताना फाइल गेली.

आता मी शोकेसमध्ये असते, पुस्तकाला टेकून. माझी एक जुळी बहीणही चिरंजीवांनी बनवलीय, आणि कोड्यांच्या प्रती तीन वेगवेगळ्या घरी ठेवल्यात. लॅपटॉपराव आणखी किती चालतील सांगता येत नाही, मलाही पुन्हा फिरायला मिळेल की नाही कोण जाणे. तुमच्या घरातही माझ्यासारखी कुणी जपून ठेवलेली असेल, तर तिला एकदा बाहेर काढा, पुसा, फिरवून बघा. ती नाही म्हणणार नाही.

आणि बाकी काही नाही जमलं, तर ते पुस्तक मिळवून शेवटचं कोडं सोडवा. शेजारच्या काकू कालच आल्या होत्या. म्हणत होत्या, "अहो, दोनशे नव्याण्णव सुटली. शेवटच्यातला आडवा पहिला शब्द तेवढा अडलाय." आईने साळसूद चेहरा केला नाही या वेळी. ती म्हणाली, "तो माझा आहे. आणि तो मी सांगणार नाही."

मी तिथेच होते, काकूंच्या नाकासमोर, चमकत.